क्ष-किरणांचे जनक : विल्हेल्म रंटगेन

या पानावर आम्ही वेळोवेळी थोर पुरुषांची चरित्रे देत असतो. त्यांत संत असतात, देशभक्त असतात, समाजसुधारक असतात. आज मात्र अशा एका गृहस्थांची ओळख करून देत आहोत की ज्यांचे नाव आपल्या घरांत फारसे कोणी घेत नाही, पण ज्यांच्या कामाचा उपयोग झाला नाही असे घरही आपल्यात सापडणार नाही. मूल झाडावरून पडून हात दुखावून घेते, आजोबांचा खोकला महिनाभर हटत नाही, दाढ ठणकू लागते. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि आपण इस्पितळात एक्स-रे काढायला जातो. आपले फ्रेंच बोलणारे शेजारी त्याला नुसते ‘रादियो’ म्हणतात. मराठीत त्याला क्ष-किरण असा नेटका शब्द आहे. हे किरण ज्यांनी प्रथम ओळखले ते विल्हेल्म कॉनराड रंटगेन.

त्यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. आई मूळची हॉलंडमधील घराण्यातली. विल्हेल्म हे त्यांचे एकुलते एक अपत्य. मुलगा तीन वर्षांचा असताना हे कुटुंब हॉलंडमधील आपेलडोर्न येथे राहावयास गेले. म्हणजे हा जर्मन मुलगा परक्या देशात, परक्या भाषेत वाढला. आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

शाळेत तो काही फार चमकला नाही. रानात भटकणे, हाताने लहानसहान यंत्रे तयार करणे याची त्याला आवड. पुढे उट्रेख्ट येथील तांत्रिक शाळेत तो शिकत असताना १८६३ साली एक प्रकार घडला. कोणा मुलाने एका शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. ते विल्हेल्मने काढलेले नव्हते. पण काढणारा कोण हे त्याला ठाऊक होते, आणि नाव सांग म्हणून त्याला पुष्कळ दरडावण्यात आले. त्याने सांगितले नाही. शाळेने त्याचेच नाव पटावरून कमी केले.

आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु त्या काळी शाळेचा अखेरचा दाखला नसला की विद्यापीठाचे दार बंद होत असे. मित्राचे नाव न सांगितल्याची किंमत या मुलाने पुढे दहा-बारा वर्षे मोजली. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आपल्या घरांतून जी धडधड असते ती आम्ही जाणून आहोत. म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगत आहोत.

झुरिक येथील पॉलिटेक्निक संस्था शाळेच्या दाखल्यावाचूनही विद्यार्थी घेते असे त्याला कळले. १८६५ साली तो तेथे दाखल झाला. १८६८ साली तो यंत्रशास्त्राचा पदवीधर झाला आणि १८६९ साली वायूंवरील प्रबंधासाठी झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट त्याला मिळाली. तेथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आउगुस्ट कुंट यांनी या तरुणाचा कसबी हात हेरला आणि त्याला आपला साहाय्यक केले. याच झुरिकमध्ये विद्यार्थ्यांच्या आवडीचे एक कॉफीगृह होते. त्याच्या मालकांची मुलगी अ‍ॅना बर्था ही रंटगेन यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. १८७२ साली दोघांचा विवाह झाला. त्यांना मूल झाले नाही. पुढे बर्थाबाईंच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी आपली म्हणून वाढविली.

कुंट १८७० साली व्युर्ट्सबुर्गच्या विद्यापीठात गेले, तेव्हा रंटगेन त्यांच्याबरोबर गेले. तेथे अध्यापनाचा अधिकार मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. डॉक्टरेट हाती असूनही अर्ज नाकारला गेला, कारण शाळेचा तो जुना दाखला नव्हता. दोघे मग स्ट्रासबुर्गला गेले आणि तेथे १८७४ साली रंटगेन यांना हा अधिकार मिळाला. त्यानंतर होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबुर्ग, मग गीसेन अशा जागा होत गेल्या. आणि १८८८ साली ज्या व्युर्ट्सबुर्गने त्यांना साधे अध्यापकही होऊ दिले नव्हते, त्याच विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्राचे मुख्य प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलावले. १८९४ साली ते त्या विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. दाखला मात्र शेवटपर्यंत नव्हताच!

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. त्या काळात युरोपातील अनेक शास्त्रज्ञ एका काचेच्या नळीत गुंतलेले होते. नळीतील बहुतेक सर्व हवा काढून टाकायची, तिच्या दोन टोकांना धातूचे तुकडे बसवायचे आणि त्यांतून फार मोठ्या दाबाची वीज सोडायची. ऋण टोकाकडून काही किरण निघत आणि समोरच्या काचेवर आपटून ती हिरवट उजळे. त्यांना ऋणकिरण म्हणत. ते विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, आहेत हे १८९७ साली ठरले. फिलिप लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी नळीला अ‍ॅल्युमिनियमच्या अगदी पातळ पत्र्याची खिडकी बसवून हे किरण नळीबाहेर काढले होते. पण हवेत ते काही सेंटिमीटरच्या पुढे जात नसत.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर १८९५. रंटगेन पन्नाशी ओलांडून गेलेले. संध्याकाळी ते आपल्या प्रयोगशाळेत एकटेच होते. त्यांनी नळीभोवती काळ्या पुठ्ठ्याचे आच्छादन घट्ट बसविले, खोलीत अंधार केला आणि वीज सोडली. आच्छादनातून उजेडाचा कवडसाही बाहेर येत नव्हता. पण बाजूला बेरियम प्लॅटिनोसायनाइड या रसायनाचा लेप दिलेला एक कागदी पडदा होता, तो अंधारात चमकू लागला. वीज बंद केली की चमक थांबे. सुरू केली की पुन्हा दिसे. पडदा दूर नेला तरी, अगदी दोन मीटरवरही, तो चमकत राहिला. ऋणकिरण तर इतक्या दूर पोचणे शक्य नव्हते. मग हे आले कोण?

अशा नळ्या त्या वेळी जगात पुष्कळ ठिकाणी चालू होत्या. त्यांच्याजवळ ठेवलेल्या फोटोच्या काचा काही जणांकडे विनाकारण काळ्या पडल्याही होत्या. पाहिले अनेकांनी, पण थांबून विचारले एकानेच. आणि विचारल्यावर हा मनुष्य गावभर सांगत सुटला नाही. आपण पाहिले ते खरे की भास, याचीच त्यांना प्रथम शंका आली. सात आठवडे त्यांनी जवळजवळ कोणाशी शब्द काढला नाही. जेवण प्रयोगशाळेत, झोपही तेथेच. बर्थाबाईंना त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली.

या सात आठवड्यांत त्यांनी काय काय केले ते त्यांच्या निबंधावरून समजते. नळी आणि पडदा यांच्यामध्ये जे हाती येईल ते धरून पाहिले. सुमारे हजार पानांचे बांधीव पुस्तक धरले, पडदा चमकलाच. पत्त्यांचे दोन जोड धरले, लाकडाचे ठोकळे धरले, कथिलाचा वर्ख धरला. पंधरा मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमने किरण बरेच मंदावले. शिसे मात्र दीड मिलिमीटरचे असले तरी त्यातून जवळजवळ काहीच पलीकडे जाईना. लोहचुंबकाने हे किरण वळत नव्हते, भिंगाने एकत्र येत नव्हते, लोलकातून जाताना वाकत नव्हते. आणि मध्ये हात धरला तेव्हा पडद्यावर हाताची फिकट सावली पडली, तिच्यात हाडांची गडद सावली. जिवंत माणसाच्या अंगातील हाडे कातडी न कापता याआधी कोणी पाहिली नव्हती.

२२ डिसेंबर रोजी त्यांनी बर्थाबाईंना प्रयोगशाळेत बोलावले आणि फोटोच्या काचेवर पंधरा मिनिटे हात स्थिर ठेवावयास सांगितले. काच धुतली तेव्हा तीवर बोटांची हाडे उमटली होती, आणि एका हाडाभोवती अधांतरी असल्यासारखी अंगठी. बाई चरकल्या, आपल्या मरणाचीच ती खूण आहे असे त्यांना वाटले म्हणतात. आम्हांला यात भाबडेपणा दिसत नाही. आपला सांगाडा आपण पाहावा याची सवय मनुष्याला तोवर कुठे होती?

२८ डिसेंबरला रंटगेन यांनी आपला छोटा निबंध व्युर्ट्सबुर्गच्या वैद्यक-भौतिकी सभेकडे दिला. सुट्ट्यांमुळे सभा भरणार नव्हती, तरी चिटणिसांनी तो वाचनापूर्वीच छापून दिला. १ जानेवारी १८९६ रोजी निबंधाच्या प्रती आणि काही छायाचित्रे निरनिराळ्या शास्त्रज्ञांना टपालाने गेली. त्यांतील एक पाकीट व्हिएन्नाला पोचले आणि ५ जानेवारीला तेथील वर्तमानपत्रात बातमी झळकली. तारयंत्राने ती जगभर गेली. १३ जानेवारीला बर्लिनमध्ये कैसरसमोर प्रयोग झाला. २३ जानेवारीला व्युर्ट्सबुर्गच्या भरल्या सभेत रंटगेन यांनी वृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचे चित्र घेऊन दाखविले. कोलिकर यांनी उभे राहून या किरणांना रंटगेन-किरण म्हणावे अशी सूचना केली आणि सभेने टाळ्यांच्या कडकडाटात ती उचलून धरली.

रंटगेन स्वतः मात्र ‘एक्स’ किरण असेच म्हणत राहिले. बीजगणितात जी राशी ठाऊक नसते तिला ‘एक्स’ म्हणतात. किरणांचे स्वरूप कळलेले नाही, म्हणून हे नाव. जर्मन भाषेने त्यांची विनंती मोडली, तेथे आजही रंटगेन-किरण हाच शब्द चालतो. आपल्या मराठीने मात्र त्यांचे ऐकले. आपल्या बीजगणितातही अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणतात, त्यावरून क्ष-किरण झाले. क्षयरोग हुडकून काढण्यासाठीही याच किरणांचा एवढा उपयोग व्हावा, हा अक्षरांचा योगायोग.

ही अज्ञात राशी सुटली ती १९१२ साली, म्युनिकमध्ये. १९०० सालापासून रंटगेन म्युनिकला प्राध्यापक होते. तेथील माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीड्रिख आणि क्निपिंग या दोघा तरुणांनी हे किरण स्फटिकातून सोडले आणि काचेवर ठिपक्यांची रांगोळी उमटली. दोघेही रंटगेन यांच्याच हाताखाली शिकलेले. लाटा असल्याखेरीज अशी रांगोळी उमटत नाही. म्हणजे क्ष-किरण हे आपल्या नेहमीच्या प्रकाशाचेच भाऊबंद ठरले. ज्या विद्युतचुंबकीय लहरींनी आकाशवाणीचे कार्यक्रम येतात, ज्यांनी ऊन तापते, ज्यांनी डोळ्यांना दिसते, त्यांच्याच कुळातले हे. फरक लांबीचा. रेडिओची लाट मीटरांनी मोजावी, प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि इस्पितळातील क्ष-किरणांची लाट प्रकाशाच्या लाटेच्याही सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी. लाट जितकी आखूड तितका तिचा जोर अधिक. म्हणून हे किरण मांसातून पार होतात. हाडांत चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. मांसातील कार्बन, प्राणवायू वगैरेंपेक्षा त्याचे अणू भारी, म्हणून हाडे किरणांना अधिक अडवितात. जेथे किरण पोचतात तेथे फिल्म काळी होते, जेथे अडतात तेथे पांढरी राहते. डॉक्टर खिडकीशी धरून पाहतात ती शेवटी एक सावलीच असते.

डॉक्टरांनी वेळ दवडला नाही. फेब्रुवारी १८९६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ येथे एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाचे चित्र घेतले गेले. १८९७ साली हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर तिराहची मोहीम झाली, तिच्यात इंग्रज लष्करी डॉक्टरांनी हे यंत्र डोंगरांतून नेऊन जखमी शिपायांच्या अंगातील गोळ्या शोधल्या. त्याआधी गोळी शोधायची म्हणजे जखमेत सळई घालून चाचपायचे!

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे. जे किरण दिसत नाहीत, लागत नाहीत, त्यांनी अपाय होईल हे प्रथम कोणाच्या मनात आले नाही. जत्रांतून आणि दुकानांतून लोकांना हौसेने हाडे दाखविली जात. डॉक्टर व कारागीर यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी दिवसातून कितीदा तरी स्वतःचाच हात किरणांसमोर धरीत. काही महिन्यांतच कातडी लाल होऊ लागली, केस गळू लागले, मग न भरणाऱ्या जखमा. अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यातील क्लॅरेन्स डॅली नावाचे साहाय्यक असेच या कामात होते. त्यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली ते वारले. एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम कायमचे सोडले. जर्मनीत हँबुर्ग येथे एका इस्पितळाच्या बागेत १९३६ साली एक स्तंभ उभारला गेला. या कामात प्राण गेलेल्या अनेक देशांच्या डॉक्टरांची, परिचारिकांची, कारागिरांची नावे तेथे कोरली आहेत. आज आपला फोटो काढताना तंत्रज्ञ भिंतीआड जातात, गर्भार बाईला आधी विचारतात, ही सावधगिरी त्या माणसांच्या हातांनी शिकविली. आपण भिंतीआड जातात म्हणून रागावू नये. ते दिवसाला कितीतरी फोटो काढतात, आपण वर्षाकाठी एखादा.

रंटगेन स्वतः यातून वाचले, ते काहीसे योगायोगानेच. फोटोच्या काचा बिघडू नयेत म्हणून त्यांनी माणूस उभा राहील एवढी जस्ताच्या पत्र्याची पेटी करून घेतली होती, तिला शिशाची जोडही दिली होती, आणि ते आत बसून काम करीत. काचांसाठी केलेली पेटी मालकालाही उपयोगी पडली. शिवाय या विषयावर तीन निबंध लिहून १८९७ साली त्यांनी तो इतरांकडे सोपविला.

पैशाच्या बाबतीत त्यांचे वागणे आम्हांला विशेष वाटते. जर्मनीतील एका मोठ्या विद्युत कंपनीने त्यांच्याशी बोलणे करून पाहिले. पेटंट घेतले असते तर पुढील प्रत्येक नळीमागे त्यांना पैसे मिळाले असते. त्यांनी घेतले नाही. शोध सर्वांचा आहे, तो एकाच कंपनीच्या दावणीला बांधायचा नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच दोन-चार महिन्यांत गावोगावचे घड्याळजी आणि फोटोग्राफरदेखील नळ्या जोडू लागले आणि हे साधन इतक्या झपाट्याने पसरले. अपायही त्याच झपाट्याने पसरला हे खरे; पण नुसत्या पेटंटाने अपाय टळला असता असे आम्हांला वाटत नाही.

ज्या १९०१ साली महात्मा गांधी आपल्या मॉरिशस बेटावर उतरले, त्याच सालच्या डिसेंबरात स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिके प्रथम दिली गेली. भौतिकशास्त्राचे पहिले पारितोषिक रंटगेन यांना मिळाले. ते स्वतः जाऊन घेऊन आले, पण व्याख्यान दिले नाही. रक्कम दीड लाख स्वीडिश क्रोनरच्या वर होती, ती सगळी त्यांनी व्युर्ट्सबुर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. बव्हेरियाच्या दरबाराने देऊ केलेली सरदारकीची उपाधीही त्यांनी लावली नाही. एवढे करूनही मत्सर चुकला नाही. लेनार्ड यांना १९०५ साली स्वतंत्रपणे नोबेल मिळाले, तरी क्ष-किरणांचे श्रेय आपले हिरावले गेले ही अढी त्यांनी जन्मभर मनात ठेवली.

रंटगेन यांच्या हातून सर्व काही निर्दोषच घडले असे मात्र नाही. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन सैन्याच्या बेल्जियममधील वर्तनाची तरफदारी करणारे एक पत्रक ९३ जर्मन विद्वानांच्या सह्यांनी निघाले. त्यांत रंटगेन यांची सही होती. शाळकरी वयात दरडावणीला न नमणारा मनुष्य देशाभिमानाच्या लाटेत मात्र वाहून गेला. त्याच युद्धात दोन्ही बाजूंच्या इस्पितळांतून त्यांच्याच किरणांनी जखमी सैनिकांच्या गोळ्या शोधल्या जात होत्या. मारी क्यूरी फ्रान्सच्या आघाडीवर क्ष-किरणांच्या मोटारी घेऊन फिरत होत्या.

शेवटची वर्षे एकाकी गेली. बर्थाबाई दीर्घकाळ आजारी होत्या, त्यांची शुश्रूषा रंटगेन यांनी स्वतः केली. ३१ ऑक्टोबर १९१९ रोजी त्या वारल्या. पुढेही टपाल आले की ते बाईंच्या तसबिरीसमोर वाचून दाखवीत, असे सांगतात. १९२० साली ते निवृत्त झाले. युद्धानंतर जर्मनीत पैशाची किंमत इतकी घसरली की जन्मभराची पुंजी मातीमोल झाली. ज्याने लक्षावधी सोडून दिले त्याला उतारवयात काटकसर करावी लागली. आतड्याच्या कर्करोगाने १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

पोटातील अशी गाठ त्या काळच्या क्ष-किरणांना सहजी दिसत नसे. सावलीवर सावली पडे. हा अडसर दूर होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनच्या एका इस्पितळात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण घेऊन, गणकयंत्राच्या साहाय्याने पावाच्या चकत्यांसारखी चित्रे तयार केली. हाच आपला ‘स्कॅन’. एम.आर.आय. मध्ये क्ष-किरण नसतात. तेथे मोठे लोहचुंबक आणि त्याच कुळातील रेडिओलहरी असतात. सोनोग्राफी तर या कुळातलीच नव्हे, ती ध्वनीची. आपल्यात पुष्कळ जण हे तिन्ही एकच समजून घाबरतात, म्हणून हा खुलासा.

रंटगेन यांनी मृत्युपत्रात आपली प्रयोगांची टिपणे व शास्त्रीय कागदपत्रे न वाचता जाळून टाकावीत असे लिहून ठेवले होते, आणि तसे करण्यात आले. म्हणून ८ नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी घडीघडीला काय झाले हे त्यांच्या हस्ताक्षरात कोठेच उरलेले नाही. त्यांच्या अस्थी गीसेनच्या जुन्या दफनभूमीत आईवडील आणि बर्थाबाई यांच्याशेजारी पुरल्या आहेत. व्युर्ट्सबुर्गची ती प्रयोगशाळा जपून ठेवली आहे. आणि बर्थाबाईंच्या हाताचे, अंगठीसकट, ते चित्र जगातील बहुतेक प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने पाहिलेले असते.